घरची बरणी, दुकानातलं पिंप

चौकट कुठे लावायची यावरून सकाळीच बहीण-भावाचं वाजलं. भाऊ म्हणे गल्ल्याच्या मागे, बहीण म्हणे दारातून आत येणाऱ्याच्या थेट डोळ्यांसमोर. शेवटी बहिणीचं चाललं. त्या घरात बहुतेक वेळा तिचंच चालायचं.

चौकटीत रक्ततपासणीचे दोन कागद शेजारी शेजारी बसवलेले होते. डावीकडच्या कागदावर वाईट कोलेस्टेरॉल एकशे अठ्ठ्याऐंशी, उजवीकडच्यावर एकशे चार. दोन्ही आकड्यांभोवती लाल गोल. खाली भावाच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'एकही गोळी न घेता. फक्त चूर्ण.'

"आता येऊ देत कोण येतं ते," स्टुलावरून उतरताना बहीण म्हणाली. "गोळ्यावाल्यांची तोंडं बघायचीत मला."

गोळ्यावाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. कामावर निघालेली, खांद्याला पिशवी, हातात छत्री. तिनं चौकटीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"बघ, वहिनीला आनंद झालाय," नणंद म्हणाली. "आनंदानं दातखीळ बसलीय."

"उशीर होतोय मला," ती म्हणाली आणि दुकानातून बाहेर पडली.

तिचा नवरा गेली तीस वर्षं त्या रस्त्यावर वाळवलेल्या वनस्पती विकत होता. साली, मुळं, बिया, पानं. बाजार त्यांना काढेवाले म्हणायचा. खरं नाव पोस्टमनलाच माहीत असावं. ती सरकारी हॉस्पिटलात औषधवाटपाच्या खिडकीमागे बसायची. लग्न ठरवताना दोन्हीकडच्या थोरांनी 'दोघांचं क्षेत्र एकच' म्हणून समाधान मानलं होतं. मांजर आणि उंदीर दोघांनाही चार पाय असतात, तितपतच ते एक होतं.

तळमजल्यावर दुकान, पहिल्या मजल्यावर ती दोघं, दुसऱ्यावर नणंद. नणंदेला तिचा भाऊ अजून चिमी म्हणायचा. चिमी साठीची होती, आवाज रस्त्याच्या पलीकडे जायचा आणि दुकानाचा गल्ला तिच्या ताब्यात होता. वहिनीला ती पहिल्या दिवसापासून 'गोळ्या मोजणारी' म्हणत आली होती. सुरुवातीला पाठीमागे, नंतर तोंडावर.

आकडा उतरला होता, यात खोटं काही नव्हतं. का उतरला, हे त्या घरात फक्त एका माणसाला माहीत होतं.

गेल्या वर्षी काढेवाल्यांच्या छातीत चालताना जड व्हायला लागलं. तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी अर्ध्याहून जास्त अरुंद झालेली दिसली. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी लिहून दिली, रोज रात्री एक, कायमची. 'कायमची' हा शब्द ऐकला आणि काढेवाल्यांचा चेहराच बदलला.

"रोज रात्री गोळी गिळायची म्हणजे रोज रात्री स्वतःला आजारी म्हणायचं," घरी आल्यावर ते म्हणाले. "माझ्या दुकानात लसूण आहे, जवस आहे, मेथी आहे. मी गोळी खाल्ली तर उद्या गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडानं पुडी बांधून देऊ?"

"दोन्ही घ्या. चूर्णही घ्या, गोळीही घ्या."

"म्हणजे गुण आला तर गोळीचा, नाही आला तर चूर्णाचा. ओळखतो मी तुमची जात." पाकीट त्यांनी कचऱ्याच्या बादलीत टाकलं.

तिनं ते रात्रभर बादलीत राहू दिलं आणि सकाळी काढलं.

चूर्ण निरुपयोगी आहे असं तिचं म्हणणं नव्हतंच. हॉस्पिटलच्या ग्रंथालयात बसून तिनं या तिन्ही वनस्पतींवरचे अभ्यास वाचले होते. लसणानं वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, शंभरातले पाच, फार तर दहा. जवसाच्या आणि मेथीच्या चिकट तंतूंनी आणखी थोडं. हे थोडं खरं होतं, पण थोडंच होतं. दीडशेच्या पुढे गेलेल्या आणि रक्तवाहिनी अरुंद झालेल्या माणसाला थोडं पुरत नाही. गंमत म्हणजे स्टॅटिनसुद्धा आधी सापडलं ते बुरशीत. नवऱ्याला तिनं एकदा हे सांगितलं. "मग बुरशीच चाटतो ना," ते म्हणाले.

काढेवाले दर रविवारी दुकानातल्या पिंपातून आठवड्याचं चूर्ण घरच्या बरणीत भरून आणायचे आणि रोज रात्री कोमट पाण्याबरोबर एक चमचा घ्यायचे. सपाट चमचा, काठावरून सुरी फिरवून. त्या बाबतीत माणूस घड्याळासारखा. त्यांच्या या नेमकेपणामुळेच तिला ते सुचलं.

रविवारी दुपारी ते झोपले की ती सात गोळ्या खलात कुटायची. पण नुसतं कुटून बरणीत ओतून हलवलं तर एका चमच्यात तीन दिवसांचं औषध जाईल आणि दुसऱ्यात काहीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शिकताना हाताला बसलेली रीत होती: जितकी पूड तितकंच चूर्ण घालून घोटायचं. मग जितकं झालं तितकंच आणखी. मग परत तितकंच. असं दुपटीदुपटीनं वाढवत नेलं की चिमूटभर औषध बरणीभर चूर्णात सारखं पसरतं. नणंदेच्या भाषेत गोळ्या मोजणारी. पण मिसळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

हे बरोबर नाही, हेही तिला माहीत होतं. हॉस्पिटलात कुणी असं केलं असतं तर तिनं स्वतः तक्रार केली असती. पण खिडकीसमोरच्या रांगेत तिनं नवरे गेलेल्या बायका पाहिल्या होत्या. उरलेल्या गोळ्या परत करायला यायच्या त्या. आपल्याला त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं, इतकं साधं होतं ते. आकडा उतरला की हळूच सांगू, असं तिनं ठरवलं होतं.

आकडा उतरला आणि त्याची चौकट झाली.

मग दुकानात गर्दी वाढली. लोक चौकटीसमोर उभे राहून दोन्ही आकडे वाचायचे, एक वजा दुसरा करायचे आणि पुडी मागायचे. हॉस्पिटलातल्या आपल्या खिडकीतून ती औषधाला येणाऱ्या प्रत्येकाला बजावायची, "चूर्ण घ्यायचं तर घ्या, गोळी सोडू नका." लोक मान हलवायचे. ती तेवढ्यावर समाधान मानत होती. मानलं नसतं तर झोप लागली नसती.

एका संध्याकाळी ती कामावरून आली, तर नणंद तिच्या स्वयंपाकघरात बसून होती. टेबलावर गोळ्यांची पाकिटं पसरलेली.

"घे," नणंद म्हणाली. "तुझ्या हॉस्पिटलात परत कर. गरिबाला देतील कुणातरी."

तिनं पाकिटं उलटून पाहिली. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यात नव्हती, म्हणजे ती चालू होती. होती ती स्टॅटिन. सगळी. नणंदेच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी जाळी बसवली होती आणि त्या दिवसापासून ही गोळी होती.

"ही कधी सोडलीत?"

"चौकट लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी. पोटऱ्या दुखायच्या माझ्या. आता बघ कशी धावते."

"ताई, ही सोडायची नाही. जाळी बसवलेल्या माणसानं तर नाहीच."

"का गं? दादाचा आकडा डोळ्यात खुपतोय?"

"पोटऱ्या दुखतात तर डॉक्टरांना सांगा, ते दुसरी देतील, कमी ताकदीची देतील. मी येते बरोबर."

"तू येणार माझ्याबरोबर!" नणंद खदखदून हसली. "जाळी बसवली तेव्हा दोन दिवस कामाला दांडी मारली नाहीस आणि आता बरोबर येणार. अगं, चूर्ण काय तुझ्या माहेरचं आहे? माझ्या भावानं स्वतःच्या रक्तावर सिद्ध करून दाखवलंय. त्याच्या आणि माझ्या अंगात रक्त एकच आहे."

दांडीचं खरं होतं. त्या वेळी ती मुद्दामच नणंदेपाशी गेली नव्हती.

"निदान चूर्ण आणि गोळी दोन्ही..."

"हेच तू दादालाही म्हणाली होतीस. ऐकलं असतं त्यानं तर आज ती चौकट असती का?" नणंद उठली. दारात थांबून म्हणाली, "जळू नये वहिनी इतकं. त्यानंही वाढतं म्हणे कोलेस्टेरॉल."

नणंद गेल्यावर ती टेबलावरची पाकिटं गोळा करू लागली. सांगावं तर नणंद त्याच पावली खाली जाऊन भावाला सांगणार. काढेवाल्यांना कळलं की ते बरणीला हात लावणार नाहीत, गोळीला तर नाहीच, आणि बायकोच्या हातच्या पाण्यालाही कदाचित नाही. अरुंद झालेली रक्तवाहिनी तिथेच असणार. न सांगावं तर नणंद. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. इथे आडात नवरा होता आणि विहिरीत नणंद. यात निवड करणं सोपं असायला हवं होतं. नणंदेसाठी तिनं डोळ्यांतून टिपूसही काढलं नसतं, असं ती स्वतःलाच कितीदा म्हणाली होती.

मग तिला तिसरी वाट दिसली. ती वाट त्या घरात फक्त तिलाच दिसू शकली असती. नणंदेच्याही बरणीत मिसळायचं.

दुसऱ्या दिवशी नणंद गल्ल्यावर असताना ती दुसऱ्या मजल्यावर गेली. खिशात कुटलेली पूड होती. ओट्यावर बरणी नव्हती. कपाटात नव्हती, फ्रिजवर नव्हती, उशाशी नव्हती. शेवटी ती खाली उतरली आणि जिन्याच्या वळणावरून दुकानात बघितलं. नणंद एका गिऱ्हाइकाशी बोलत होती, बोलता बोलता हात मागे पिंपात गेला, मूठ भरून आली आणि तोंडात गेली. वरून पाण्याचा घोट. अर्ध्या तासानं परत तेच. काढेवाल्यांनी तिकडे पाहिलं आणि हसले.

"चिमे, चमच्यानं घे. औषध आहे, फुटाणे नाहीत."

"माझं माप माझ्या मुठीत आहे."

म्हणजे बरणी नाही, चमचा नाही, माप नाही. मिसळायचं तर पिंपातच मिसळावं लागेल. आणि पिंप म्हणजे गाव. त्यात गरोदर बाया, लहान पोरांच्या आया, आधीच गोळी घेणारे म्हातारे. ती जिन्यावरच उभी राहिली. हा विचार आपल्या डोक्यात क्षणभर का होईना आला, याची तिला भीती वाटली. तिनं खिशातली पूड मोरीत ओतली आणि नळ मोठा सोडला.

पुढच्या आठवड्यात एकदा ती दुपारीच कामावरून आली, तर नणंद जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. एक हात कठड्यावर, दुसरा गळ्याच्या खाली. कपाळ ओलं.

"काय होतंय?"

"काही नाही. पिशवी जड आहे."

पिशवीत पालेभाजीची एक जुडी होती.

"छातीत दाबल्यासारखं होतंय का?"

"तुला बरं वाटेल असं काही होत नाहीये," नणंद म्हणाली आणि श्वास घेऊन पुढची पायरी चढली. मग आणखी एक. दर पायरीला थांबत.

ती खाली उभी राहून बघत राहिली. वर दार वाजल्यावर ती घरात गेली, रविवारीच भरलेली बरणी फळीवरून उतरवली आणि दुकानात आली.

दुपारची सामसूम होती, शटर अर्धं खाली. काढेवाले गल्ल्यावर नवीन आलेलं जवस तपासत होते. पांढऱ्या कागदावर मूठभर बी पसरून, सुरीच्या पात्यानं एकेक ओळ सारत, डोळ्याला भिंग लावून. खडा, माती, दुसऱ्या बियाणाचा दाणा, काहीही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. व्यापारी त्यांच्या भिंगाला घाबरायचे.

"चिमीताईंना वर चढताना दम लागतोय. घाम आलाय. त्यांना आजच दाखवायला हवं," ती म्हणाली.

"काय लावलंय?" पाठीमागून आवाज आला. नणंद पिशवी ठेवून परत खाली आली होती, चेहरा पुसून, अगदी ताठ. "दादा, हिचं ऐकू नकोस. ही मला आजारी पाडल्याशिवाय राहणार नाही."

"त्यांनी गोळी सोडलीय, तुमचा आकडा बघून," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि तुमचा आकडा चूर्णानं उतरलेला नाही."

"झालं सुरू," नणंद म्हणाली.

"तुमच्या बरणीत मी गोळी घालते. डॉक्टरांनी लिहून दिलेली तीच. पहिल्या महिन्यापासून."

काढेवाल्यांनी भिंग काढलं नाही. "चेष्टेची एक वेळ असते."

तिनं बरणी जवसाच्या शेजारी ठेवली. "भिंग तुमच्याच हातात आहे."

तेव्हा त्यांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. जवस बाजूला सारलं, कोरा कागद घेतला, बरणीतून एक चमचा चूर्ण त्यावर ओतलं आणि सुरीच्या पात्यानं पातळ पसरलं. पहिल्यांदाच ते आपल्या घरच्या बरणीतलं काही भिंगाखाली घेत होते. बाहेरून आलेला प्रत्येक दाणा त्यांनी तपासला होता. घरातलं तपासायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येणार?

ते बराच वेळ बघत राहिले. मग कागद उचलून शटरखालच्या उजेडात नेला. परत येऊन दुसऱ्या कागदावर पिंपातलं चूर्ण पसरलं, तेही पाहिलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले. घरच्या चूर्णात, पिवळट भुकटीच्या मधेमधे, गुलाबी कण होते. गोळीवरचा रंगीत पापुद्रा कितीही कुटला तरी पूर्ण मरत नाही. ती गाळून घ्यायची, तरी काही गाळणीतून सुटायचे.

"लाल माती असेल," नणंद म्हणाली.

"मग पिंपातही असती," काढेवाले म्हणाले. त्यांनी एक कण नखानं दाबला. नखावर गुलाबी उमटलं.

 रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"माझ्या बरणीत," काढेवाले अखेर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तीस वर्षांत मी कुणाच्या पुडीत खडा जाऊ दिला नाही. आणि माझ्या घरात, माझ्या बरणीत, भेसळ."

"औषध. तुमच्याच नावानं लिहिलेलं."

"न सांगता घातलं ते औषध नसतं. विष घालणारी बाई आणि तू, फरक काय?"

"तुम्ही जिवंत आहात, हा."

"दादा, मी तुला सांगत होते!" नणंदेला आवाज सापडला. "पहिल्या दिवसापासून सांगत होते! ताकास तूर लागू देत नाही ही विष घालणारी बाई. काय काय चारलं असेल इतक्या वर्षांत, देव जाणे. माझा भाऊ रोज रात्री विश्वासानं चमचा तोंडात घालतोय आणि ही बाजूला उभी राहून बघतेय!"

"ओरडा," ती म्हणाली. "पण आधी ऐका. या पिंपात गोळी नाही. तुम्ही मुठी मुठी खाता त्यात लसूण आहे, मेथी आहे आणि जवस आहे, बस. त्यानं तुमचं जितकं उतरायचं तितकं उतरेल, म्हणजे जवळजवळ नाहीच. तुम्ही ज्या आकड्यावर भरवसा ठेवून गोळी टाकलीत, तो आकडाच गोळीचा आहे. मी बोलतेय ते एवढ्यासाठी."

 नणंदेनं हात परत गळ्याखाली नेला, मग कुणी पाहील म्हणून लगेच काढला.

"माझ्यासाठी बोलतेयस?"

"हो."

"तू?" नणंदेचे डोळे बारीक झाले. "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं? मी गेले असते. सुंठीवाचून खोकला गेला असता."

"आलं होतं मनात."

इतकं सरळ उत्तर नणंदेला अपेक्षित नव्हतं. ती पिंपाला टेकली. काढेवाल्यांनी तिला धरलं, स्टुलावर बसवलं आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "रिक्षा बोलव." त्या दिवशी बायकोशी त्यांचं तेवढंच शेवटचं बोलणं.

हॉस्पिटलात नणंदेला दोन दिवस ठेवून घेतलं. झटका आलेला नव्हता, पण डॉक्टर म्हणाले की दारापर्यंत येऊन परत गेला. दुसरी, कमी ताकदीची स्टॅटिन सुरू केली. पोटऱ्या दुखल्या नाहीत. गोळी देताना नर्सनं पाण्याचा पेला वहिनीच्या हातात दिला. तो नणंदेनं घेतला नाही. उठून स्वतः घड्यातून पाणी ओतून घेतलं.

घरी काढेवाल्यांनी बरणी मोरीत उपडी केली, घासली आणि भंगारात दिली. बायकोनं शिजवलेलं खाणं बंद केलं. ताट वाढलेलं असायचं, ते त्यावरून नजर फिरवायचे, एखादा कागद तपासावा तशी, आणि दुसऱ्या मजल्यावर बहिणीकडे जेवायला जायचे. गोळी नाहीच. डॉक्टरांकडेही नाही.

"मला शिव्या द्या, पण गोळी घ्या," एकदा जिन्यात अडवून ती म्हणाली. "तुमच्या हातानं पाकीट फोडा, तुमच्या हातानं घ्या."

"सर," ते म्हणाले. ती सरली.

चौकट मात्र तिथेच राहिली. कागदाखालची ओळ आता खोटी आहे हे माहीत असूनही त्यांनी ती उतरवली नाही. बायकोनं सांगितलं म्हणून तर मुळीच नाही. ती काढायला गेली तेव्हा ते आडवे उभे राहिले. "माझं रक्त आहे. आकडा माझा आहे."

चौकट काढली नणंदेनं. एक निवृत्त मास्तर पुडी घ्यायला आले आणि सहज म्हणाले, "मीही गोळ्या बंद केल्या बरं का परवापासून."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" नणंद गल्ल्यावरून ओरडली.

"कुणी म्हणजे? भिंतीवर लिहिलंय की तुमच्या."

नणंद स्टुलावर चढली, चौकट उतरवली आणि मास्तरांना म्हणाली, "खोटं लिहिलंय. आजपासून परत सुरू करा. आणि ज्यांना ज्यांना तुम्ही सांगितलंय त्यांनाही सांगा. चूर्ण हवं तर घ्या, गुडघाभर पाण्यात काठी चालते, तितकं बरं आहे ते. पूर आला तर होडीच लागते." काढेवाले बघत राहिले. गिऱ्हाइकासमोर बहिणीला अडवणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी नणंद पहिल्या मजल्यावर आली. बसली नाही.

"दे," तिनं तळहात पुढे केला.

"काय?"

"त्याच्या गोळ्या. तुझ्या हातचं तो खात नाही. माझ्या हातचं खातो. डाळीत, भाजीत, कशातही. तू कसं मिसळायचीस ते दाखव."

ती हातातलं काम टाकून नणंदेकडे बघत राहिली. गेली तीस वर्षं या बाईनं तिच्याकडून काहीच शिकायचं मनावर घेतलं नव्हतं.

"मला विष घालणारी म्हणालात तुम्ही."

"म्हणाले. तशीच आहेस. पण ती वाहिनी की काय ती अजून अरुंदच आहे ना त्याची?"

"हो."

"मग दे. नाटकं नकोत."

कपाटात पाकीट होतं. तिनं ते काढलं, पण हातात धरून ठेवलं.

"आणि परत आकडा उतरला की?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हाचं तेव्हा बघू, असंच मीही म्हणत होते. तुम्ही जिन्यात उभ्या राहिलात तोवर." तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. "मिसळायला शिकवणार नाही मी. हे अख्खं घेऊन जा. त्यांच्या ताटाशेजारी ठेवा. काय आहे ते सांगून."

"सांगितलं तर फेकेल."

"दुसरं ठेवा. पाकिटं संपणार नाहीत, तेवढी माझी खिडकी आहे."

"भांडेल तो माझ्याशी."

"मग भांडा. माझ्याशी इतकी वर्षं भांडलात, हात बसलाय तुमचा. एकदा त्यांच्याशी भांडा."

नणंदेनं तिच्याकडे रागानं पाहिलं. पाकीट उचललं. "तू ना, वहिनी, अगदी..." पुढचा शब्द सापडला नाही किंवा तोंडातच ठेवला, आणि ती जिना चढून गेली.

जेवायच्या वेळी वरून काही तरी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. मग काढेवाल्यांचा. "तिनं पाठवलंय ना हे?"

"मी आणलंय!" नणंदेचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. "मी! गोळी आहे, कोलेस्टेरॉलची आहे, तुझ्या नावाची आहे. लपवून दिलेली नाही. दिसतेय ना? की भिंग आणू?"

"मी खाणार नाही."

"मग मीही खाणार नाही माझी. बघ, ही माझी, ही तुझी. दोन्ही इथेच ठेवते. बस दोघंही उपाशी."

"चिमे, तुझी घे. वेडेपणा करू नकोस."

"कोण वेडेपणा करतंय?"

खाली ती ओट्याला टेकून ऐकत होती. ही धमकी तिला सुचली नसती आणि तिनं दिली असती तर चाललीही नसती. नणंदेनं खरंच गोळी चुकवली तर काय, हा विचार येताच ती जिन्याकडे निघाली, आणि दोन पायऱ्या चढून थांबली. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पाणी दे," काढेवाले म्हणाले.

"स्वतः घे ओतून," नणंद म्हणाली. "नंतर म्हणशील मी त्यात काही घातलं."